पाणीबदल

सत्यभामाच्या भट्टीवर दूध नासलं की दुधाकडं कुणी पाहत नसे, सगळे सत्यभामाचं तोंड पाहत. कढईत चोथापाणी झालेलं, खाली जाळ तसाच भडकलेला, आणि ही बया कमरेवर हात ठेवून उभी. मग चौकशी सुरू. कॅन कुणी घासले? कशानं घासले? रात्रीचं दूध सकाळच्यात कुणी ओतलं? तिच्या सुनेला, शिवकन्येला, या चौकशीची इतकी सवय झाली होती की दूध फुटल्याबरोबर ती मुकाट्यानं सगळे कॅन ओळीनं आडवे मांडून ठेवी. म्हातारी एकेका कॅनात नाक घालत जाई आणि एकाशी थबके. "ह्यो बग." आणि खरंच, त्याच कॅनच्या गळ्याखाली वाळल्या दुधाचा पापुद्रा निघे.

भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या काही कमी नाहीत, पण कारण काढावं तर सत्यभामाबाईनंच, असं गाव म्हणे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवावं लागे. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं भट्टी चालवली ती याच जोरावर. म्हैस आटली? कारण काढ. पेंड बदल, म्हैस पान्हावली. कारण सापडलं आणि दूर केलं की गोष्ट मूळपदावर येते, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. मुलगा युवराज मोटारसायकलला कॅन अडकवून वस्त्यांवरचं दूध गोळा करी, सून कढई हलवी, आणि सात वर्षांची नात अर्पिता कढईच्या बुडाची खरवड खायला भट्टीशी बसलेली असे. "'माहीत न्हाय' असं काय बी नसतंय," सत्यभामा म्हणायची. "माहीत न्हाय म्हंजी बगितलं न्हाय."

त्या वर्षी श्रावणात पोरांमध्ये तापाची साथ आली. तोंडात फोड, तळहाताला फोड, घास गिळता येईना. आळीतली सगळी पोरं निजली आणि आठवड्यात उठून पुन्हा हुंदडायला लागली. अर्पिताही उठली. कुणी त्या तापाचं नावसुद्धा विचारलं नाही.

भादव्यात पोर पाणी पिऊ लागली. पाणी काय, सगळेच पितात. पण ही शाळेतून आली की दप्तर न काढता माठाशी बसे आणि तांब्यावर तांब्या रिचवी. तेवढ्याच वेळा न्हाणीकडं पळे. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण अंथरूण ओलं व्हायला लागलं आणि सत्यभामाचा पारा चढला.

"घोडी झालीस की गं! आन हातरुणात मुततीस? लाज कशी वाटत न्हाय?"

पोर खाली मान घालून गोधडी उचलून नेई. शेजारची मथुराबाई भिंतीवरून बघून हसे, म्हणून सत्यभामानं गोधडी दारात वाळत घालायची बंद केली, मागं म्हशींच्या दावणीवर टाकायला लावली. कारण तर उघडंच होतं. पोर पाणी फार पिते, म्हणून मुतते. दिवेलागणीनंतर माठावर झाकण आणि झाकणावर वरवंटा. शिवकन्या एकदा म्हणाली, "आत्याबाई, तहान लागलीय तर पिऊ द्या की. तोंड बगा कसं सुकलंय."

"तू लाडावून ठिवलंयस. सवय मोडली की तहान मोडती."

एका सकाळी पोर म्हशीच्या हौदात तोंड घालून पाणी पिताना सापडली. सत्यभामानं तिला बखोटीला धरून ओढलं आणि एक ठेवून दिली. हाताला लागला तो नुसता खांदा, हाडच हाड. तिला क्षणभर चमकल्यासारखं झालं. पण तेवढ्यात युवराज दूध घेऊन आला आणि भट्टी पेटली.

न्हाणीच्या कडेला, पोर बसे तिथं, मुंग्यांची रीघ लागली होती. सत्यभामानं त्यांच्यावर भट्टीतली गरम राख टाकली आणि हात झटकले.

गौरी उठल्या त्या दिवशी अर्पितानं खरवड खाल्ली नाही. वाटी तशीच खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. मग ओकली. मग नुसतीच धापा टाकू लागली, उन्हातून पळून आल्यासारखी, आणि ती तर सकाळपासून जागची हलली नव्हती. शिवकन्या तिला उचलून घेताना ओरडली, "आत्याबाई, हिच्या तोंडाला कसला वास येतोय बगा!" सत्यभामानं वाकून नाक लावलं. आयुष्यभर दुधाचे वास ओळखणारं नाक ते. पिकून सडायला लागलेल्या फळाचा वास होता, आणि त्याचं कारण तिला सापडेना. कढईतलं दूध तसंच जाळावर सोडून सगळे जीपमध्ये बसले.

धाराशिवच्या दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त काढलं. मशीननं आकडाच दाखवला नाही, इतकं रक्तातलं प्रमाण वर गेलं होतं. डॉक्टर प्रमोदिनी नावाची बाई होती. तिनं पोरीला आत घेतलं, सलाईन लावलं, पुष्कळ वेळानं बाहेर आली आणि म्हणाली, "साखरेचा आजार आहे."

सत्यभामाला हसूच आलं. "आवो डॉक्टरीणबाई, तुमी दुसऱ्या कुनाचा कागद बगायलाव. ह्यो म्हाताऱ्या माणसाचा रोग हाय. माजी नात सात वर्साची हाय."

"तिचाच कागद आहे, आजी. लहान मुलांनाही होतो. त्यांचा आजार वेगळा असतो. साखर वापरायला शरीराला एक रस लागतो, इन्शुलिन. तो जिथं तयार होतो ती जागा हिच्या शरीरानंच निकामी केली. आता तो रस बाहेरून द्यायचा. सुईनं. रोज, जन्मभर."

युवराज खाली बसला. बाकडं शेजारीच होतं, पण तो फरशीवरच बसला. शिवकन्या डॉक्टरच्या तोंडाकडं नुसती बघत राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

"खव्यानं झालं का?" सत्यभामानं विचारलं.

"नाही. खव्यानं नाही, साखर खाऊनही नाही."

"मंग कशानं?"

"नक्की कुणालाच माहीत नाही."

इतकी शिकलेली बाई आणि माहीत नाही म्हणते. सत्यभामाच्या मनातून ती तिथंच उतरली. पण मग डॉक्टरनं एकेक विचारायला सुरुवात केली, आणि म्हातारीनं कान टवकारले. मागच्या काही महिन्यांत ताप आला होता का? पाणी कुठलं पिता? घराजवळ फवारणी होते का? आणि शेवटी शिवकन्येला, "अंगावर किती दिवस पाजलं? वरचं दूध कधी सुरू केलं?"

शिवकन्येनं सासूकडं पाहिलं. सत्यभामानं वर फिरणाऱ्या पंख्याकडं पाहिलं. अर्पिता जन्मली ती ऐन दसऱ्यात. दिवाळीचा खवा डोक्यावर, हात कमी. बाळंतिणीची बाराव्या दिवसाची आंघोळ झाली न झाली तोच सत्यभामानं सुनेला कढईवर उभी केली होती आणि पोरीला स्वतःच्या मांडीवर घेऊन वाटी-चमच्यानं म्हशीचं दूध पाजलं होतं. वर मथुराबाईला दाखवलंही होतं, बग कसं बाळसं धरलंय.

"लवकरच सुरू केलं," शिवकन्या हळू आवाजात म्हणाली.

"हे मी विचारते, कारण जगभर याचा अभ्यास चालू आहे," डॉक्टर म्हणाली. "यातलं एकही कारण सिद्ध झालेलं नाही. कुणी स्वतःला दोष लावून घेऊ नका. आणि एक लक्षात ठेवा. काही आठवड्यांनी साखर फार चांगली येऊ लागेल, सुई कमी लागेल. पोर बरी झाली असं वाटेल. फसू नका. आत उरलेला थोडा रस असतो, तो काही दिवस काम करतो आणि मग तोही संपतो."

शिवकन्येनं शब्द न शब्द ऐकला. सत्यभामाचे डोळे अजून पंख्यावरच होते. उगाच कोण विचारतंय, ती मनात म्हणत होती. विचारलं म्हणजे त्यात काहीतरी असणारच. दुधाचं तिनं मनाच्या तळाशी दाबलं आणि पाण्याचं उचलून वर ठेवलं.

शिवकन्या दवाखान्यातूनच सुई द्यायला शिकून घरी आली होती. पोटाची चिमूट धरायची, टोचायची, मनात आकडे मोजायचे, काढायची. पोर पहिल्यांदा किंचाळली तेव्हा सत्यभामा गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकून उभी राहिली. औषधाची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवली जाई. त्या मडक्याला सत्यभामा बोटही लावत नसे.

गावाचं तोंड कोण धरणार? मथुराबाई भिंतीवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "खव्याच्या घरात साखर व्हनारच की बाई." आपल्या नातवाला मात्र तिनं खुणेनं मागं बोलावलं, अर्पिताच्या हातची गोटी टाकून दे म्हणून. सत्यभामाला ते बोलणं झोंबलं आणि गोटी टाकलेली तर फारच झोंबली. आता तिला कारण हवंच होतं, गावाच्या तोंडावर फेकायला.

ते तिच्याकडं होतं. चैत्रात विहीर आटली तेव्हा युवराजनं बोअर पाडली होती. पाणी मचूळ, साबणाला फेस नाही. आणि त्या पाण्यानं कॅन धुवायला लागल्यापासून दूध दोनदा फुटलं होतं! जे पाणी दूध नासवतं ते लेकराचं रक्त नासवणार नाही?

"बोअरचं पानी बंद," तिनं जाहीर केलं. पार खालच्या मळ्यातल्या विहिरीवरून ती स्वतः डोक्यावर घागर आणू लागली, फक्त नातीसाठी. साठीची बाई, गुडघे कुरकुरत, पण एक खेप चुकली नाही. आणि काय नवल! नवरात्र बसता बसता पोरीच्या गालावर मांस आलं. मशीनवरचे आकडे उतरू लागले. डॉक्टरनं फोनवर सुई कमी करायला सांगितली, मग आणखी कमी.

"बगा," सत्यभामा म्हणाली. "पानी हुतं ते पानी."

"आत्याबाई, डॉक्टरीणबाईनी आदीच सांगितलं हुतं. मदी असं हुतंय, फसू नगा म्हनून."

"तिला माहीत न्हाय म्हनली ना ती? मंग हे कसं माहीत?"

कढई उतू जायला आली तशी शिवकन्या तिकडं पळाली, आणि वादात तेवढ्यावरच निकाल लागतो. दसरा झाल्यावर सत्यभामानं पुढचं ठरवलं. तिचा भाऊ हणमंतप्पा उमरग्याकडच्या मुरूम गावाजवळ राहत होता. तिकडची विहीर गोड्या पाण्याची, चार गावांत नाव असलेली. आजारी माणसाला पाणी बदलायला नेतात तसं पोरीला दिवाळीपर्यंत तिकडं न्यायचं. शिवकन्येला जाता येणार नव्हतं. दिवाळीचा खवा तिच्याच हातावर होता. पेढेवाले पहाटेपासून दारात उभे असत.

तिनं पिशवी भरली. बर्फ घातलेला थर्मास, त्यात बाटली. सुया, मशीन. आजी-नातीला बसवून पुन्हा सगळं दाखवलं. "सुई दिल्यावर लगेच खायला द्या. घाम आला, थरथरली, तर साखर तोंडात घाला. आन काय बी झालं तरी सुई बंद करायची न्हाय. आत्याबाई, शब्द द्या मला."

"दिला की. म्या काय तिची वैरीण हाय?"

तिनं शब्द दिला तेव्हा तो खराच दिला होता, हे सांगायला हवं. मोडायचं तिच्या मनात नव्हतं.

हणमंतप्पाच्या घरी पोर रमली. लिंबाची बाग, नवी व्यालेली गाय, दोरीवरचा झोका. सकाळी सुई सत्यभामाच देई, तोंड वाकडं करून, चिमटीतलं ते मऊ कातडं धरताना ती मान फिरवी. भट्टीवर उकळतं दूध अंगावर उडालं तरी न हलणारी बाई ती. एका सकाळी सुई दिली आणि भाकरी थापायला बसली, तोवर पोर वासरामागं पळाली. हाक मारमारून आली नाही. आली ती हणमंतप्पाच्या हातावर. घामानं चिंब, हातपाय लटलटत, बोलणं भलतंच.

"अक्का, काय झालं गं हिला?"

सत्यभामानं थाळी टाकली, डब्यातला पेढा फोडून पोरीच्या तोंडात कोंबला, दुसरा कोंबला. बघता बघता पोरीच्या डोळ्यांत ओळख आली. "आज्जी, भूक लागलीय," म्हणाली.

सुनेनं सांगितलं तेच केलं आणि पोर सावरली. इथवर तिचं सगळं बरोबर होतं. पण नंतर झोक्यावर बसलेल्या नातीकडं बघत ती विचार करू लागली. पोर थरथरली कधी? सुई दिल्यावर. बरी झाली कशानं? गोड खाऊन. मग आजार कसला गोडाचा? पाणी बदललं, आजार गेला, आणि आता ही सुईच पोरीला मारतीय. मनात ओळीनं मांडलेल्या कॅनांपैकी तिनं एकात नाक घातलं आणि ती थांबली.

"आजपसनं सुई न्हाय," ती नातीला म्हणाली. "आईला फोनवर सांगायचं न्हाय. ती घाबरती."

"खरंच न्हाय?" पोरीनं आजीच्या गळ्यात हात टाकले. इतका आनंद सत्यभामाच्या वाट्याला फार दिवसांत आला नव्हता.

शिवकन्या रोज फोन करी. "दिली का सुई?"

"दिली की."

मशीन कोनाड्यात गेलं. पोर खेळत होती, खात होती, हसत होती. सत्यभामानं भावजयीच्या चुलीवर घरचा खवा आटवून तिला वाटीनं दिला. गावाकडं गेल्यावर मथुराबाईला काय काय ऐकवायचं, त्याचीही तिनं मनात तयारी करून ठेवली.

मग एका दुपारी पोर विहिरीवर पोहऱ्याला तोंड लावून पाणी पिताना दिसली. उन्हातून आलीय, सत्यभामा मनात म्हणाली. पुढं गोधडी ओली झाली. घर नवं आहे, न्हाणी लांब पडते, भ्याली असेल. पोर झोक्यावर बसेना. खेळून दमली असेल. कारणं काढण्यात जिचा हात धरणारं कुणी नव्हतं, ती आता एकामागून एक कारण काढत होती आणि प्रत्येक कारण पोरीच्या अंगावर पांघरूण घालावं तसं घालत होती.

दिवाळीच्या तोंडावरची सकाळ. हणमंतप्पा अंगण झाडत होता. कोपऱ्यात, पोर रात्री बसे तिथं, वाकून म्हणाला, "अक्का, इथं मुंग्या का लागल्या गं इतक्या? कुनी गूळ सांडला काय?"

सत्यभामा दातवण करत होती. तिच्या हातातली काडी गळून पडली. ती कोपऱ्यात गेली. तीच रीघ. तसल्याच लाल, बारीक, घाईत असलेल्या मुंग्या. इथं बोअर नव्हती. इथं मचूळ पाणी नव्हतं. चार गावांत नाव असलेली विहीर चार हातांवर होती, आणि मुंग्या आल्या होत्या.

ती आत पळाली. पोर पडवीत कुशीवर पडली होती आणि ती तसलीच धापा टाकत होती. सत्यभामानं वाकून नाक लावलं. सडक्या फळाचा वास तिच्या डोक्यात शिरला. म्या मारली, म्या मारली, एवढंच तिला सुचत होतं, आणि ते मोठ्यानं म्हणते आहे हेही तिला कळत नव्हतं.

उमरग्याकडं जाणाऱ्या जीपमध्ये पोर तिच्या मांडीवर होती. जीपमधली माणसं सरकून बसली, एका बाईनं पदर नाकाला लावला. सत्यभामानं भावाकडून फोन घेतला. पलीकडं भट्टीचा घरघराट आणि उलथण्याचा कढईवर घासणारा आवाज ऐकू आला.

"शिवकन्ये. म्या सुई बंद केलीय."

उलथण्याचा आवाज थांबला. दूध जाळावर असताना शिवकन्येचा हात थांबलेला सत्यभामानं कधी पाहिला नव्हता.

"कवापसनं?"

सत्यभामानं सांगितलं. पलीकडं एक श्वास ऐकू आला, मग शिवकन्येचा आवाज, सपाट. "शुद्धीवर हाय का? ... मंग वाटत थांबू नगा. सरळ दवाखान्यात जावा. आन तिथं खरं सांगा, आत्याबाई. मला खोटं सांगितलंत ते सांगितलंत. डॉक्टरला सांगितलंत तर पोर जाईल."

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. पोरीच्या हाताला शीर सापडेना, नर्स टिचक्या मारत होती. डॉक्टरनं वर न बघता विचारलं, "शेवटचं इन्शुलिन कधी दिलं?"

हणमंतप्पा म्हणाला, "रोज देती की अक्का."

भावालाही तिनं सांगितलं नव्हतं. एक 'व्हय' म्हटलं असतं तर निदान इतक्या माणसांसमोर मान खाली गेली नसती.

"न्हाय," सत्यभामा म्हणाली. "म्या बंद केलं. ही थरथरली आन पेढा चारला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तवापसनं एक बी न्हाय."

आता डॉक्टरनं वर पाहिलं. "का?"

"पानी बदललं म्हनून."

नर्सनं टिचक्या मारायचं थांबवून तिच्याकडं पाहिलं. दारातल्या कुणीतरी 'पाणी?' असं म्हटलं आणि हसू दाबलं. हणमंतप्पानं तोंड फिरवलं. सत्यभामा उभीच राहिली. तिला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही आणि तिलाही बसावंसं वाटलं नाही.

शिवकन्या आणि युवराज संध्याकाळी पोचले. शिवकन्येच्या लुगड्याला धुराचा वास होता, मनगटावर ताजा भाजल्याचा फोड होता. युवराज दारातूनच ओरडला, "आई, पोर गेली असती! तुज्या पान्यापायी पोर गेली असती माजी!" आणि मग तोंडावर हात दाबून रडू लागला. शिवकन्या सासूला ओलांडून गेली आणि पोरीच्या पायाशी बसली, तळपाय हातात धरून. त्या ओलांडून जाण्यानं सत्यभामाला जेवढं लागलं तेवढं युवराजच्या ओरडण्यानं लागलं नाही.

पोर वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडून तिनं पाणी मागितलं आणि कुणीतरी दिलं, आणि सत्यभामानं पदराचा बोळा तोंडात धरला.

डॉक्टर बाहेर आला तसा तिनं त्याला व्हरांड्यात गाठला. इतके दिवस तळाशी दाबलेलं आता वर आलं होतं.

"साहेब, ही तान्ही असताना म्या म्हशीचं दूध पाजलं. आईला कढईवर लावली आन म्या पाजलं. त्यानं झालं का?"

डॉक्टर थांबला. दिवसभराचा थकलेला होता, पण थांबला. "माहीत नाही, आजी. त्याच दुधावर तुमच्या गावातली किती पोरं वाढली? त्यांना झालं का? पाणीही तेच, तापही तोच. हिलाच का, हे आज कुणी सांगू शकत नाही. कदाचित या सगळ्याचा थोडा थोडा हात असेल. कदाचित नसेलही." तो जायला निघाला आणि मागं वळून म्हणाला, "पण या वेळी काय झालं, ते मात्र पक्कं माहीत आहे. सुई बंद झाली म्हणून झालं. तेवढं एक कारण धरून ठेवा."

सत्यभामा व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. जन्मभर कारणं शोधली, आणि ज्याची खात्री द्यावी असं एकच निघालं, ते तिचा स्वतःचा हात. आणि जे शोधत ती घागरी वाहत होती, ते कुणाकडंच नव्हतं. तिला रडू आलं नाही. नुसतं पोकळ वाटलं, आणि भीतीही वाटली.

घरी न्यायच्या आदल्या सकाळी शिवकन्येनं सुई भरली. भरली आणि सासूपुढं धरली.

"तुमी द्या."

"माज्या हातानं? आता?"

"म्या भट्टीवर असनार. ही शाळंतनं येनार. तुमीच असनार घरात. माज्याकडं दुसरं कोन हाय?" शिवकन्येचा आवाज इथं पहिल्यांदा फुटला. "राग लई हाय माजा तुमच्यावर. जानार न्हाय इतक्यात. पन सुई तुमीच द्यायची."

सत्यभामानं सुई घेतली. भट्टीनं काळवंडलेली, जागोजाग भाजल्याच्या खुणा असलेली बोटं, आणि त्यांत ती एवढीशी सुई. पोरीनं आपणहून झग्याचा कोपरा वर धरला. मग तिला काहीतरी आठवलं.

"आज्जी, मामाआजोबांचं पानी तर गोड हुतं की. मंग मला परत कशामुळं झालं?"

शिवकन्या सुईचं टोपण पिशवीत टाकत होती. ती तशीच थांबली. आता म्हातारी काय काढते, तिकडची फवारणी, का गायीचं दूध, का कुणाची नजर, ते ऐकायला.

सत्यभामानं नातीकडं पाहिलं.

"मला माहीत न्हाय, बाळा."

शिवकन्येनं मान वर केली. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे शब्द या तोंडून तिनं ऐकले नव्हते.

"बरं," अर्पिता म्हणाली. "टोच मंग लवकर. भूक लागलीय."

सत्यभामानं पोटाची चिमूट धरली. तिनं सुई आत सारली आणि मनात आकडे मोजू लागली.